व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी जोडीने बदलून इंडक्शन मोटरचा वेग कसा बदलावा

थ्री-फेज इंडक्शन मोटरचा वेग पोल (आतले चुंबकीय ध्रुव) आणि फ्रिक्वेन्सीवर ठरतो. 120 ला फ्रिक्वेन्सीने गुणून पोलच्या संख्येने भागा: चार पोलला 50 हर्ट्झवर 1500 आरपीएम येतात. शाफ्ट जरा मागे, 1440 च्या आसपास फिरतो, कारण या फरकाशिवाय, म्हणजे स्लिपशिवाय, टॉर्कच (फिरवणारा जोर) तयार होत नाही.

मग फक्त फ्रिक्वेन्सी कमी करून चालेल का? नाही. मोटरमधला फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या गुणोत्तराप्रमाणे राहतो. 415 व्होल्ट तसेच ठेवून फ्रिक्वेन्सी अर्धी केली तर कोअर सॅच्युरेट होतो (लोखंडाला आणखी फ्लक्स पेलवत नाही), करंट बेसुमार वाढतो आणि वाइंडिंग जळतं. म्हणून दोन्ही एकाच प्रमाणात बदलायचे. 415 भागिले 50 म्हणजे 8.3 व्होल्ट प्रति हर्ट्झ. त्या हिशेबाने 25 हर्ट्झला सुमारे 207 व्होल्ट, 10 हर्ट्झला 83. ही जोडी व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह), थोडक्यात ड्राइव्ह, आपोआप सांभाळतो; त्याला मोटरची खरी माहिती देणं आपलं काम.

कन्व्हेयरवरची 5 एचपीची मोटर समोर धरू.

आधी नेमप्लेट वाचा: व्होल्टेज, अँपिअर, फ्रिक्वेन्सी, आरपीएम, आणि जोडणी स्टार की डेल्टा. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर तो काढून मोटर नेमप्लेटप्रमाणे कायमची जोडा. मोटरवर पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर असेल तर तोही काढा. ड्राइव्हच्या आउटपुटवर तो चालत नाही.

सप्लाय ड्राइव्हच्या आर, एस, टी टर्मिनलवर आणि मोटर यू, व्ही, डब्ल्यू वर. ही अदलाबदल झाली तर ड्राइव्ह जागीच उडतो. अर्थिंग पक्कं करा. सप्लाय बंद केल्यावरही आतल्या डीसी कपॅसिटरवर 580 व्होल्टच्या आसपास दाब असतो, म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, मीटरने खात्री करा आणि मगच हात घाला. वायरिंगचा सराव नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आता नेमप्लेटचे आकडे ड्राइव्हमध्ये भरा. बेस फ्रिक्वेन्सी 50, व्होल्टेज 415. ओव्हरलोडचा करंट मोटरच्या अँपिअरइतका ठेवा, ड्राइव्हच्या क्षमतेइतका नाही. वेग वाढवायला 10 सेकंद द्या, थांबवायला तेवढेच किंवा जास्त. फार झटकन थांबवलं की मोटर जनरेटरसारखी वागते आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो.

सगळ्यात जास्त चुका टॉर्क बूस्टमध्ये होतात. कमी फ्रिक्वेन्सीला व्होल्टेजही कमी असतं, त्यातला मोठा भाग वाइंडिंगच्या रेझिस्टन्समध्येच खर्च होतो आणि भरलेला पट्टा हलत नाही. तेव्हा सुरुवातीच्या टप्प्यात 8.3 च्या हिशेबापेक्षा थोडं जास्त व्होल्टेज द्यावं लागतं; हाच टॉर्क बूस्ट. पण मोटर ओढत नाही म्हणून बूस्ट एकदम वर नेला, तर पुन्हा तेच सॅच्युरेशन. थोडा थोडा वाढवा आणि प्रत्येक वेळी मोटर कपलिंग सोडून 5 हर्ट्झवर चालवून करंट बघा. रिकाम्या मोटरचा करंट 50 हर्ट्झच्या रिकाम्या करंटपेक्षा बराच वर गेला, तर बूस्ट जास्त झालाय. रीडिंग ड्राइव्हच्या डिस्प्लेवरचंच घ्या. साधा मल्टिमीटर आउटपुटवर चुकीचा आकडा दाखवतो.

पंखा किंवा सेंट्रिफ्युगल पंप असेल तर बूस्टची फारशी गरज पडत नाही. तिथे लागणारी पॉवर वेगाच्या घनाप्रमाणे घटते: 80 टक्के वेगाला जवळपास निम्मीच पॉवर लागते. वीज खरी वाचते ती इथे. कन्व्हेयरला टॉर्क मात्र सगळ्या वेगांना तितकाच लागतो आणि मोटरचा स्वतःचा पंखा शाफ्टवरच असल्याने कमी वेगात तिला हवा मिळत नाही. कन्व्हेयर सतत 20 हर्ट्झखाली चालवायचा असेल तर वेगळ्या मोटरवरचा कूलिंग फॅन लावा.

50 च्या वर जाताना व्होल्टेज 415 लाच अडतं, फ्लक्स कमी होतो, टॉर्क घटतो. 60 हर्ट्झला मोटर चालते, पण भरलेला पट्टा ओढेल का, हे करंट बघूनच ठरवा, आणि बेअरिंग व गिअरबॉक्सची वेगमर्यादाही तपासा.