जुनी शिडाची होडी दुरुस्त करताय? या चुका टाळा

कारवारकडची जुनी होडी घाट चढून बेळगावात आली की घरातला उत्साही माणूस आधी पॉलिश पेपर शोधतो. थांबा. होडीच्या आधीच्या मालकांचा निम्मा पुरावा त्या रंगातच असतो. रात्री टॉर्च फळीला आडवी टेकवून धरा आणि नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजू बघा. वरच्या रंगाखाली बुजलेला जुना नंबर, देवाचं नाव, एखादं कानडी अक्षर सावलीनं उठून दिसतं. फोटो काढा, मग हवं तर खरवडा. तेही पाणी मारून, मास्क लावून, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं.

दुसरी चूक आपल्या हवेची. खाऱ्या दमट हवेत वाढलेलं लाकूड आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात आकसतं आणि फळ्यांमध्ये फटी पडतात. त्या बघून लोक घाबरतात आणि इपॉक्सी ठासून मोकळे होतात. पुढे होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात, कडक भरणा दबत नाही, मग ताण फळीवर आणि आतल्या फासळ्यांवर येतो. होडी सावलीत ठेवा, ओली पोती टाका, दोन-तीन दिवस आत पाणी भरून ठेवा. त्यानंतरही जी फट मिटत नाही तीच खरी फट. तिच्यात कापूस आणि तेलात कालवलेली राळ भरा. वरून फायबर चढवायचा सल्ला हमखास मिळेल. ऐकू नका, आत ओल कोंडून लाकूड कुजतं.

उलांडी (तोल राखायला होडीच्या बाजूला जोडलेला ओंडका) असेल तर तिचे आडवे दांडे दोरीनं बांधलेले दिसतील. आपला सुतार दारं-खिडक्यांत वाकबगार. त्याला ते कच्चं काम वाटतं आणि तो नटबोल्ट आवळतो. लाटेवर त्या बांधणीला थोडं हलायचं असतं. हलू दिलं नाही की बोल्टच्या भोकापाशी दांडा चिरतो. तसंच तांब्याच्या खिळ्यांशेजारी लोखंडी खिळे ठोकू नका; खाऱ्या पाण्यात लोखंड आधी खलास होतं.

मालक शोधताना मात्र सगळे एकाच कचेरीत खेटे घालतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव आणि कारवार दोन्ही मुंबई राज्यात होते, त्यामुळे त्याआधीच्या कागदांसाठी मुंबईच्या पुराभिलेखागाराकडेही विचारा. होडी काळी नदीच्या पलीकडून, गोव्याकडून आली असेल तर १९६१ पूर्वीचा कागद पोर्तुगीजमध्ये असणार. पणजीचं कॅप्टन ऑफ पोर्ट्स खातं हा तिथला धागा. घरातली जुनी खरेदीपावती मोडी लिपीत असली तर अंदाजानं वाचू नका, जाणकाराला दाखवा. आणि लहान बिनइंजिनाच्या होडीची कुठेच नोंद नसणं यात नवल नाही.

अशा वेळी बंदरावरची माणसंच कामाला येतात. तिथे जाऊन ‘ही होडी कुणाची होती?’ असं विचारलंत की चेहरे बंद होतात. वाटणीचा वाद उकरायला आलाय, असाच समज होतो. त्याऐवजी जोडफळीचा फोटो दाखवा आणि ‘हे काम कुणाच्या हातचं?’ एवढंच विचारा. सुतार ओळखला जातो, त्याच्यामागून गिऱ्हाईक निघतं.

हिडकलच्या जलाशयात शीड लावून बघायचा मोह होईल. आधी पाटबंधारे खात्याची परवानगी घ्या, आणि पहिल्यांदा शीड न लावता नुसत्या वल्ह्यांवर काठाकाठानं फिरवा.