जुन्या ड्रमसेटचा आवाज कमी खर्चात कसा सुधारावा

लग्नसराई संपली की मराठवाड्यातल्या अनेक बँडपथकांचे ड्रमसेट पत्र्याच्या खोलीत जाऊन पडतात. गणपतीच्या तोंडावर ते बाहेर काढले, की त्यांचा आवाज डबा बडवल्यासारखा येतो. अशा वेळी नवा सेट घेण्याचा विचार मनात येतो. पण दोष लाकडी खोडात क्वचितच असतो, तो बहुधा थकलेल्या पानांत (ड्रमवर ताणून बसवलेल्या पडद्यांत), असमान ताणात आणि खुळखुळणाऱ्या सुट्या भागांत असतो. म्हणून पैसे सर्वांत शेवटी खर्च करावेत.

प्रथम एका वेळी एकच ड्रम खोलावा आणि खोलण्यापूर्वी मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्यावे. पान ताणणारे बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून जुन्या दातघाशीने घासावेत, कोरडे करावेत आणि आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. बोल्ट ज्यांत बसतात त्या खोडावरच्या लगांमध्ये, विशेषतः जुन्या सेटमध्ये, स्प्रिंग असते आणि ती आघातासरशी झणझणते. माझ्या फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर पायांवर उभ्या राहणाऱ्या मोठ्या टॉम ड्रमच्या) प्रत्येक ठोक्यामागे अशीच बारीक झणझण उमटत असे. मी पानाला दोष देऊन ते बदलले, तरी ती तशीच राहिली. अखेर लग उघडून स्प्रिंगभोवती चिमूटभर कापूस भरला, तेव्हा आवाज स्वच्छ झाला. आपल्याकडे कापसाला तोटा नाही, त्यामुळे हा उपाय आधी सर्व लगांवर करावा.

त्यानंतर पान जिथे टेकते ती खोडाची कड तपासावी. खोड सपाट काचेवर पालथे ठेवून अंधारात आत टॉर्च लावावा. उजेड कुठून झिरपतो ते पाहावे. फट बारीक असेल तर मेणबत्ती कडेवर फिरवणे पुरते. फट मोठी असेल तर कड स्वतः घासू नये, ते काम जाणकाराकडेच सोपवावे.

पानांवर मात्र थोडा खर्च करावा लागतो. काठीचा मार वरचे पान खाते, त्यामुळे खालची पाने बहुधा आणखी काही वर्षे चालतात. पैसे मोजकेच असतील तर आधी स्नेअरचे (तळाशी तारा असलेल्या ड्रमचे) वरचे पान घ्यावे, मग बेस ड्रमचे (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचे) पेडलकडचे. माप खोडाच्या बाहेरच्या व्यासाचे घ्यावे, पान दाबून धरणाऱ्या रिंगचे नव्हे. स्नेअर बहुधा १४ इंचांचा असतो.

खरी करामत सुरात लावण्यात आहे. सर्व बोल्ट आधी बोटांनीच सैलसर बसवावेत, मग ड्रमच्या चावीने (बोल्ट फिरवायच्या छोट्या पान्याने) समोरासमोरच्या जोड्या घेत प्रत्येकी अर्धा फेरा द्यावा. तबलजी हातोडीने सोळाही घरे एका स्वरात आणतो, तसेच येथेही करायचे आहे: पानाच्या मध्यावर बोट टेकवून प्रत्येक बोल्टापासून सुमारे १ इंच आत काठीने हळूच टकटक करावी आणि जिथे स्वर उतरलेला वाटेल तिथे चावी किंचित आवळावी. स्वर चढला असेल तर बोल्ट थोडा जास्तच सैल करून पुन्हा वर आणावा. म्हणजे ताण टिकतो. टॉमचे खालचे पान वरच्याच स्वरात किंवा किंचित चढे ठेवावे. घाई केल्यास हे काम बिघडते. एका ड्रमला अर्धा तास लागला तरी लागू द्यावा.

स्नेअरच्या तळाचे पान फार पातळ असते, त्यावर हात दाबू नये. खालच्या तारांपैकी एखादी वाकली असेल तर ती कापून टाकावी. उरलेल्या तारा चांगले काम करतात. बेस ड्रम घुमत राहत असेल तर वाकळ घडी करून आत ठेवावी, तिची कड पेडलकडच्या पानाला जेमतेम टेकू द्यावी. सिंबल (धातूची झांज) जिथे स्टँडच्या दांडीला घासते तिथे प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा चढवावा, नाहीतर भोकापाशी तडा जातो.

लावलेला सेट पुन्हा पत्र्याखाली नेऊ नये. एप्रिल-मेच्या उन्हात पाने तापून ताण सरकतो. घरातल्या भिंतीलगत, जाड कापडाखाली तो बरा राहतो, आणि वाजवण्याच्या दिवशी चावीने एकदा फेर घेतला की पुरते.