विंडोज ११ घ्यायचं का? हात लावण्याआधी करायची तयारी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद झाली. कॉम्प्युटर त्यानंतरही चालतोच, म्हणून नागपुरातल्या कितीतरी घरांत हा विषय अजून लोंबकळत पडलाय. पण ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात, जीएसटीचं रिटर्न भरलं जातं, ते अपडेटशिवाय नेटवर ठेवणं धोक्याचं आहे. रस्ते चार आहेत: त्याच मशीनवर विंडोज ११, विंडोज १० ची वाढीव मुदत, लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) किंवा नवं मशीन. यातला कुठला धरायचा हे मशीन किती जुनं आहे यापेक्षा त्यावर कुठलं काम अडकलंय यावरून ठरवा.

सगळ्यात आधी बॅकअप घ्या, निर्णय व्हायच्याही आधी. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर बहुतेकांना आठवतात. राहतो तो टॅलीचा डेटा, आउटलुकची पीएसटी फाइल (ईमेल साठवणारी), ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड. हे सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि चार-दोन फाइल उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा नको. वनड्राइव्हवर फुकटात ५ जीबीच जागा मिळते, लग्नाच्या फोटोंनीच ती भरते, तेव्हा त्यालाच बॅकअप समजू नका. लॅपटॉप असेल तर डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणं) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायॉस (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) मधली एखादी सेटिंग बदलली की मशीन नेमकी तीच मागतं, आणि ती नसेल तर आतला डेटा तुमचा असूनही तुम्हाला मिळत नाही.

मग कामाची तपासणी. प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन, बोटाचे ठसे घेणारं यंत्र, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल यांची नावं मॉडेल क्रमांकासकट लिहून काढा. प्रत्येकाच्या कंपनीच्या साइटवर विंडोज ११ चा ६४-बिट ड्रायव्हर (ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) आहे का ते बघा, आणि असेल तर आत्ताच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. ६४-बिट यासाठी की विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. तुमचं विंडोज १० ३२-बिट असेल तर आहे त्यावर अपग्रेड होत नाही, डिस्क पुसून नव्यानं टाकावं लागतं. ज्या प्रिंटरचं निम्मं काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हरच करतो, असे जुने लेझर प्रिंटर आणि स्कॅनर इथेच अडतात. जी साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालते, ती एज ब्राउझरमधल्या आयई मोडमध्ये उघडून बघा. विंडोज ११ मध्ये एक्सप्लोरर स्वतंत्रपणे मिळत नाही.

फॉन्टकडे थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं. कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये अर्ज, पत्रिका, हिशेब साठलेले असतील तर त्या फॉन्टच्या फाइल सी ड्राइव्हवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून कॉपी करून ठेवा. त्या नसल्या तर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फक्त फॉन्ट नसतो. पण घाबरून कुणीतरी ती तशीच सेव्ह करतो किंवा उडवून टाकतो. दुसरी गंमत मंगल फॉन्टची. तो युनिकोडच आहे, पण विंडोज १० आणि ११ मध्ये देवनागरीचे पूरक फॉन्ट हा वेगळा ऐच्छिक भाग आहे. नव्यानं विंडोज टाकलं आणि मराठी भाषा जोडली नाही, तर मंगलमधली फाइल निर्मला फॉन्टमध्ये उघडते, ओळी सरकतात आणि अर्जाची मांडणी बिघडते. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की फॉन्टही येतात आणि कीबोर्डही. इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात.

काम विंडोज ११ वर चालेल अशी खात्री झाली की मगच मशीनकडे वळा. कागदावरची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क एवढीच आहे. प्रत्यक्षात ८ जीबीपेक्षा कमी रॅमवर आणि फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ टाकूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. २५६ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकली तर जुन्या मशीनला जो फरक पडतो, तो दुसऱ्या कशानंच पडत नाही. रॅम घ्यायला बर्डीत (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) जाण्याआधी मदरबोर्डवर डीडीआर३ लागते की डीडीआर४ ते बघून जा. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकमेकींच्या जागी त्या बसत नाहीत.

खरी अडचण प्रोसेसरची. इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा चालतो. आय५-८४०० मधला पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी. आय३-४१३० ही चौथी. आय५-१०४०० मधले पहिले दोन आकडे १०, म्हणजे दहावी. एएमडीत रायझेन २००० मालिकेतले सगळे नाहीत: २६०० यादीत आहे, २२००जी आणि २४००जी नाहीत. नावावरून ताडण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवा. त्यानं टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या साठवणारी चिप) नाही असं सांगितलं तरी लगेच हार मानू नका. असेंबल केलेल्या मशीनमध्ये टीपीएम २.० बऱ्याचदा असतो, फक्त बंद असतो. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये जा. इंटेलच्या बोर्डवर तो पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावानं सापडतो.

आता सगळ्यात जास्त मशीन जिथे अडकतात ती जागा. विंडोज ११ ला यूईएफआय या (बायॉसच्या नव्या) पद्धतीनं सुरू होणारं मशीन लागतं, आणि त्यासाठी डिस्कवरच्या भागांची नोंद जीपीटी या नव्या पद्धतीची असावी लागते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये व्हॉल्यूम्सखाली बघा. तिथे एमबीआर ही जुनी पद्धत दिसली तर विंडोजमधलंच एमबीआरटूजीपीटी हे साधन डेटा न पुसता डिस्क बदलून देतं. पण त्याची अट आहे: मुख्य पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) जास्तीत जास्त तीन, आणि एक्स्टेंडेड पार्टिशन मुळीच नको. दुकानातून सी, डी, ई, एफ असे भाग पाडून आलेली डिस्क या अटीत बसत नाही. आधी या साधनाची नुसती तपासणी चालवा. ती नापास झाली तर डी आणि ईमधला डेटा बाहेर काढून ती पार्टिशन उडवावी लागतात. क्रमही चुकवू नका. आधी डिस्क बदलायची, मग बायॉसमध्ये लेगसी किंवा सीएसएम ही जुनी पद्धत बंद करून यूईएफआय चालू करायचं. उलट केलं तर मशीन बूट डिस्कच नाही असं सांगून थांबतं. डेटा शाबूत असतो, बायॉसमधली सेटिंग परत फिरवली की विंडोज १० उठतं. बारा-तेरा वर्षांपूर्वीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहू शकतो. तेव्हा आधी बोर्डवरच्या पोर्टला मॉनिटर लावून बघा.

याच वेळी बोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदलून टाका. रोज सकाळी घड्याळ मागे पडत असेल तर तो संपलेला आहे. तो संपला की वीज गेल्यावर बायॉस मूळ सेटिंगवर जातं, टीपीएम बंद होतो, बोर्ड पुन्हा लेगसीवर येतं, आणि काल व्यवस्थित झालेलं अपग्रेड आज सुरूच होत नाही. घड्याळ चुकलं तर बँकेच्या साइटसुद्धा प्रमाणपत्र अवैध म्हणून उघडत नाहीत.

प्रोसेसर यादीत नसेल तर अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण कामाच्या मशीनवर त्या करू नका. अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप. त्यापेक्षा विंडोज १० ची घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेली वाढीव मुदत घ्या. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी आवृत्ती २२एच२ आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्ज त्या खात्याशी जोडून ठेवल्या तर पैसे पडत नाहीत. ज्या घरात ब्राउझर, व्हिडिओ आणि पत्रं एवढंच काम आहे, तिथे लिनक्स मिंट २२ चांगला पर्याय आहे: ४ जीबी रॅमवर नीट चालतो, आधार २०२९ पर्यंत आहे. पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, वायफाय, प्रिंटर आणि आवाज चालतो का ते आधी तपासता येतं. टॅली किंवा सहीचं टोकन असेल तर मात्र मिंटच्या वाटेला जाऊ नका.

दिवस निवडताना हवामान आणि तारीख दोन्ही बघा. एप्रिल-मेच्या दुपारी, विशेषतः नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), पारा ४५ च्या आसपास असतो आणि त्यात वीज जाते. मशीनला सलग दीड-दोन तास पूर्ण ताकदीनं चालायचंय, तर पहाटेची वेळ बरी. आदल्या दिवशी कॅबिनेट उघडून ब्रशनं पंख्यावरची धूळ काढा. डेझर्ट कूलरसमोर ठेवलेल्या मशीनमध्ये ओलसर हवेनं धुळीचा थर घट्ट बसतो. ६०० व्हीएचा यूपीएस पंधरा-वीस मिनिटांच्या पलीकडे टिकत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर करा. साध्या मोडमध्ये तो वीज पालटायला जेवढा वेळ घेतो, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडू शकतो. महिन्याची ११ आणि २० या जीएसटीच्या तारखा आणि मुलांच्या प्रवेश अर्जांचा आठवडा टाळा. डाउनलोड ५ ते ७ जीबीचं आहे, रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल डेटावर ते होणार नाही.

सी ड्राइव्हवर निदान ४० जीबी मोकळी करा, विंडोज १० सक्रिय असल्याचं सेटिंग्जमध्ये बघा आणि अपग्रेड सुरू करा. झाल्यावर त्याच दिवशी प्रिंट काढा, स्कॅन करा, टोकननं एक सही करून बघा, जुनी मराठी फाइल उघडा. काही अडलं तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून १० दिवसांच्या आत विंडोज १० वर परत जाता येतं. तोवर डिस्क क्लीनअपमधून जुन्या विंडोजचं फोल्डर पुसू नका, कारण परतीचा रस्ता त्याच फोल्डरमधून आहे. जास्त दिवस हवे असतील तर मूळ १० दिवस संपण्याआधी विंडोजमधल्या डीआयएसएम या साधनाच्या आदेशानं ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवून घ्या.