ऑक्टोपसची टोपी विणायची आहे? आधी नुसती टोपी नीट बसवा

गंमत टोपी म्हटलं की सगळे आधी डोळे, शिंगं, कान यांच्याच मागे लागतात, आणि मग टोपी एकतर नाकावर घसरते नाहीतर वर चढून बसते. माझं मत विचाराल तर वरची गंमत थोडी वाकडीतिकडी झाली तरी चालते, उलट छानच दिसते, पण मूळ टोपी डोक्याला बसलीच पाहिजे.

तर मध्यम जाडीची लोकर घ्या, एकाच रंगाचा 100 ग्रॅमचा गुंडा सहसा पुरतो, डोळ्यांसाठी थोडी पांढरी. सुई 4.5 मिमीची, 40 सेंमीची गोल सुई (दोन टोकं मध्ये लवचीक वायरने जोडलेली) असेल तर उत्तम, शिवण येत नाही. आधी तळहाताएवढा तुकडा विणून बघा (हो, कंटाळा येतो, माहितीये): 10 सेंमीत साधारण 18 टाके यायला हवेत. जास्त आले तर तुमचा हात घट्ट आहे, सुई एक नंबर जाड घ्या, कमी आले तर बारीक. खालचं माप मोठ्यांच्या 54-56 सेंमी डोक्याचं आहे. टोपी डोक्यापेक्षा थोडी लहानच विणायची असते, ताणून बसते ती.

88 टाके घाला, सैल हाताने. गोल जोडताना सगळे टाके एकाच बाजूला वळलेत ना ते बघून घ्या, एकदा पीळ पडला की नंतर काढता येत नाही, सगळं उसवावं लागतं. साध्या दोन सुयांवर विणत असाल तर शिवणीसाठी 2 टाके जास्त घाला आणि बॉर्डर संपल्यावर मागची ओळ उलट विणत चला. पहिले 4 सेंमी दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर. मग एका फेरीत दर 11 टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, म्हणजे दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलायचा, पीळ देऊन विणायचा, असे 96 होतात. ऑक्टोपसचं डोकं फुगीर दिसायला हवं म्हणून ही वाढ. पुढे नुसतं सुलट, बॉर्डर धरून उंची 16 सेंमी होईपर्यंत.

आता घटवायचं. 10 सुलट, 2 टाके एकत्र विणून एक, असं पूर्ण फेरीत आठ वेळा. मग एक साधी फेरी. पुढच्या वेळी 9 सुलट 2 एकत्र, परत साधी फेरी, असं 48 टाक्यांपर्यंत या, तिथून पुढे साधी फेरी बंद, प्रत्येक फेरीत घटवा. टाके कमी झाले की गोल सुईवर पुरत नाहीत, तेव्हा दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांवर घ्यायचे. शेवटी 8 उरले की धागा कापून त्यातून ओवा आणि आवळा.

आता खरी मजा, हात. 45 टाके घाला, 15 सेंमी धागा शिवायला लोंबता ठेवून. पहिल्या ओळीत प्रत्येक टाक्याचे दोन करायचे: टाका सुलट विणायचा पण डाव्या सुईवरून सोडायचा नाही, त्याच टाक्यात मागून सुई घालून परत एक सुलट, मग सोडायचा. झाले 90. पुढच्या ओळीत लगेच सगळे बंद करा. एक कड 45 टाक्यांची आणि दुसरी 90 ची, लांब कडेला जागाच नाही, म्हणून ती आखूड कडेभोवती आपोआप गुंडाळते आणि स्प्रिंगसारखी फिरकी तयार होते. नाहीच वळली तर बोटाने थोडा पीळ द्या. वळल्यावर लांबी बरीच कमी होते, तेव्हा लांब हात हवे असतील तर सुरुवातीलाच टाके वाढवा. असे आठ करायचे, सहावर कंटाळून थांबू नका, लहान मुलं मोजतात!

पुढचे 24 टाके चेहऱ्यासाठी मोकळे सोडून उरलेल्या 64 वर दर 8 टाक्यांनी एक हात, बॉर्डरच्या आतल्या बाजूने शिवा.

डोळ्यांसाठी पांढऱ्या लोकरीने 8 टाके घालून पुढच्या ओळीत 16 करा, पाच साध्या ओळी, मग दोन-दोन एकत्र करून 8, धागा ओवून आवळा, बाजू शिवा, आत लोकरीचे उरलेले तुकडे भरा आणि खालचं तोंडही आवळून घ्या. शिवायच्या आधी टोपी कुणाच्या तरी डोक्यावर घालून टाचण्यांनी नीट जपून जागा ठरवा, सगळा चेहरा यावर आहे: खाली आणि लांब लावले तर भोळा, वर आणि जवळ लावले तर कायम दचकलेला. बुबुळाला काळं बटण मस्त दिसतं, पण लहान बाळासाठी बटण नको, तोंडात जातं, काळ्या धाग्याने भरा. बाळाला ही लोंबत्या हातांची टोपी घालून झोपवूही नका.

लोकर अ‍ॅक्रिलिक असेल तर इस्त्री किंवा वाफ लावायची नाही, हातांची फिरकी जाते ती परत येत नाही.