मेमरी कार्डावरची बारीक अक्षरं कशी वाचायची आणि कार्ड कॉम्प्युटरला कुठे जोडायचं

भाचीच्या साखरपुड्याला कॅमेरा माझ्याकडे होता. कार्ड नवं कोरं, स्वस्तात ऑनलाइन मिळालेलं, वर ठसठशीत छापलेलं : २५६ जीबी. घरी येऊन पाहतो तर पाहुणे जमेपर्यंतचे फोटो झकास, आणि अंगठी घालतानाचे सगळे अर्धे करडे किंवा उघडतच नाहीत. फायलींची नावं होती, आकारही दिसत होता. आत काहीच नव्हतं. कार्डात खरी जागा होती १६ जीबीच्या आसपास.

तेव्हापासून कोणी कार्ड घ्यायला निघालं की मी आधी त्यावरची अक्षरं वाचायला लावतो. डोळ्यांना दिसत नाहीत म्हणाल, तर मोबाइलचा कॅमेरा झूम करा.

आधी आकार. कॅमेऱ्यात जातं ते मोठं एसडी कार्ड, ३२ बाय २४ मिलिमीटर. मोबाइल, ड्रोन, डॅशकॅममध्ये (गाडीच्या काचेवरच्या कॅमेऱ्यात) जातं ते नखाएवढं मायक्रोएसडी, १५ बाय ११ मिलिमीटर. छोटं कार्ड मोठ्या खाचेत बसवायला सोबत प्लॅस्टिकचा अडॅप्टर येतो. त्यात चिप वगैरे काही नसते, इकडचे संपर्क तिकडे नेणाऱ्या पट्ट्या असतात, बस्स.

लेबल आपल्याकडे आणि कापलेला कोपरा वर उजवीकडे असा अडॅप्टर धरला की डाव्या कडेला एक चिमुकला खटका दिसेल. तो खाली सरकलेला असेल तर कार्ड ‘लॉक’. गंमत म्हणजे या खटक्याचा कार्डाच्या आतल्या भागाशी काही संबंध नसतो. खटका कुठे आहे ते कॅमेरा किंवा रीडर (कार्ड कॉम्प्युटरला जोडायची डबी) चाचपून पाहतो आणि लिहायचं थांबवतो. ‘कार्ड खराब झालं, फोटोच डिलीट होत नाहीत’ अशी तक्रार आली की मी पहिलं बोट तिथे लावतो.

आता नावाची अक्षरं. नुसतं एसडी म्हणजे २ जीबीपर्यंत, एसडीएचसी म्हणजे त्यापुढे ३२ जीबीपर्यंत, एसडीएक्ससी म्हणजे त्याहीपुढे २ टीबीपर्यंत. तिन्ही दिसायला सारखी, तिन्ही एकाच खाचेत बसतात. पण २००९ च्या आधीचा कॅमेरा असेल, तर त्याला एसडीएक्ससी ही भानगड ठाऊकच नसते, कारण तो प्रकार त्या वर्षी आला. ६४ जीबीचं कार्ड आत छान बसेल आणि कॅमेरा ‘कार्ड एरर’ म्हणेल. जुन्या कॅमेऱ्याला किंवा गाडीतल्या जुन्या स्टिरिओला ३२ जीबीच घ्या. एवढ्या कार्डावर फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून लांब व्हिडिओचे तुकडे पडतात. तो बिघाड नव्हे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वेगात. कार्डावर मोठ्या आकड्यात जे १५० किंवा १७० एमबी लिहिलेलं असतं, तो बहुतेक वेळा वाचण्याचा वेग, आणि तोही ‘इथपर्यंत’. व्हिडिओ घेताना कामी येतो तो लिहिण्याचा वेग, आणि तोही ‘याच्या खाली जाणार नाही’ असा. तो बारीक खुणांमध्ये असतो. इंग्रजी ‘सी’च्या पोटात १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी. ‘यू’च्या पोटात १ म्हणजेही १०, आणि ३ म्हणजे ३०. ‘व्ही’पुढे ३०, ६० किंवा ९० असेल तर सेकंदाला किमान तेवढे एमबी. म्हणजे सी१० आणि यू१ दोन्ही छापलेलं कार्ड दुप्पट भारी नसतं, एकच गोष्ट दोनदा सांगितलेली असते.

तुमच्या कॅमेऱ्याला किती लागतं हे काढायला एकच भागाकार पुरतो. फोर-के व्हिडिओचा दर माहितीपुस्तिकेत समजा १०० मेगाबिट दिलाय. आठ बिट मिळून एक बाइट, म्हणून १०० भागिले ८, सेकंदाला साडेबारा एमबी. सी१० ची हमी फक्त १० ची आहे, तेव्हा व्ही३० घ्या. फक्त फोटो काढणाऱ्याने व्ही९० वर पैसे उधळू नयेत असं माझं मत. ‘ए१’, ‘ए२’ या खुणा मोबाइलमध्ये कार्डावर अॅप ठेवणाऱ्यांसाठी. कॅमेऱ्याला त्यांचा उपयोग नाही. डॅशकॅम किंवा सीसीटीव्हीत मात्र कार्डावर रात्रंदिवस लिहिलं जातं, तिथे ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच मागा. साधं कार्ड तिथे लवकर झिजतं.

आता खरं-खोटं. बनावट कार्डाच्या कंट्रोलरलाच, म्हणजे आतला कारभार पाहणाऱ्या चिपलाच, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटरने ‘जागा किती?’ विचारलं की तो २५६ सांगतो. खरी जागा संपली की पुढचा माल कुठे तरी हवेत जातो नाहीतर आधीच्यावरच लिहिला जातो. म्हणून प्रॉपर्टीजमध्ये पाहून काही कळत नाही, कार्ड काठोकाठ भरूनच पाहावं लागतं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हा छोटा फुकट प्रोग्राम आहे, लिनक्स आणि मॅकवर एफ३. कार्ड रिकामं करा, प्रोग्राममध्ये ते निवडा, लिहून परत वाचायला सांगा. ६४ जीबीला सेकंदाला २० एमबी या दराने नुसतं लिहायलाच जवळपास तास लागतो, तेव्हा झोपताना लावून द्या. सकाळी चुका दिसल्या तर कार्ड त्याच दिवशी परत करा. पण ६४ च्या जागी ५९.६ दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, तेवढाच तो फरक.

राहिलं कॉम्प्युटरला जोडणं. लॅपटॉपला खाच नसेल तर यूएसबी रीडर घ्या, पण तो कुठल्या पोर्टात घालताय ते पाहा. टॉर्च मारून पोर्टात डोकावलं तर आत प्लॅस्टिकची जीभ दिसते. काळी किंवा पांढरी असेल तर बहुधा यूएसबी २, म्हणजे ४८० मेगाबिट. कागदावर हे सेकंदाला ६० एमबी, हातात पडतात त्याहून बरेच कमी. निळी असेल तर बहुधा यूएसबी ३, कागदावर त्याच्या दहापट. रंग हा रिवाज आहे, नियम नव्हे, कित्येक लॅपटॉपवर सगळे पोर्ट काळेच असतात. अशा वेळी संपर्क मोजा : यूएसबी २ ला चार, यूएसबी ३ ला आणखी पाच. रीडरही ३ चाच हवा, नाहीतर निळ्या पोर्टातही तो रांगतच चालेल.

टाइप-सीला उलटसुलट कसंही घाला, चालतं, पण आकारावरून वेगाचा पत्ता लागत नाही. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली केबल बरेचदा यूएसबी २ च्याच वेगाची असते. हाच घोळ एसएसडीच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसणाऱ्या साठवणीच्या, एम-टू नावाच्या खाचेतही आहे, तिथे साटा (हळू) आणि एनव्हीएमई (वेगवान) दोन्ही एकाच आकाराचे मिळतात. विकत घेण्याआधी मदरबोर्डची पुस्तिका उघडा.

फोटो घेताना कट करू नका, कॉपी करा. दोन-चार उघडून पाहा, मग इजेक्ट म्हणा आणि मगच कार्ड ओढा. फॉरमॅट कॅमेऱ्यातूनच करा, त्याला हवे ते फोल्डर तो स्वतः बनवतो. आणि फोटो चुकून उडालेच तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. ते बाजूला ठेवून फोटोरेक हा फुकट प्रोग्राम चालवा, पुष्कळदा माल परत मिळतो.

माझ्या बाबतीत त्याचा उपयोग नव्हता, कारण जे लिहिलंच गेलं नाही ते परत कुठून येणार? अंगठीचा फोटो शेवटी वहिनीच्या मोबाइलवर सापडला, थोडा हललेला. ते कार्ड टाकून दिलं. त्यासोबत आलेला अडॅप्टर मात्र अस्सल निघाला, तो अजून वापरतोय.