जुन्या फोर-व्हील ड्राइव्हचा कार्ब्युरेटर: दुरुस्त करायचा की बदलायचा? या चुका टाळा

गाडी चढावर अचानक बंद पडू लागली किंवा गरम इंजिन पुन्हा सुरू करायला दहा वेळा सेल्फ मारावा लागू लागला, की जुन्या जीपचा मालक लगेच कार्ब्युरेटरकडे (पेट्रोल आणि हवेचे मिश्रण करणाऱ्या भागाकडे) बोट दाखवतो आणि किट (गॅस्केटे, रबर व झिजणारे लहान भाग असलेला दुरुस्ती-संच) आणावे की नवाच बसवावा या विचारात पडतो. बहुतेक जण हा निर्णय गाडीच्या तक्रारीवरून घेतात आणि तिथेच चूक होते. एकाच तक्रारीमागे सुकलेले रबर, झिजलेले पितळ किंवा बॉडीच्या ओतीव धातूतला दोष असू शकतो. पहिल्या दोहोंवर किट हा पुरेसा इलाज आहे, परंतु तिसऱ्यावर कितीही किटे घातली तरी उपयोग होत नाही.

कार्ब्युरेटर दोषी आहे याची खात्री न करताच तो खोलणे

एका जुन्या जीपचा कार्ब्युरेटर मी एकाच महिन्यात दोनदा खोलला होता. दोन्ही वेळा गाडी चार दिवस बरी चालली आणि नंतर लांब चढावर पुन्हा धापा टाकू लागली. तिसऱ्यांदा हात लावण्यापूर्वी टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी काढून पाहिली. बाहेरून ती धडधाकट होती. मात्र उभी चिरल्यावर आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत असल्याचे दिसले, आणि पेट्रोलची ओढ वाढली की तीच जीभ वाट अडवत होती. दोन किटे आणि चार गॅस्केटे मी केवळ आळसापायी वाया घालवली होती.

म्हणून पाने हातात घेण्यापूर्वी फिल्टर, नळ्या, पंपाचा दाब आणि टाकीच्या झाकणातले हवेचे भोक तपासावे. ठिणगी देणाऱ्या यंत्रणेतले पॉइंटमधील अंतर, कंडेन्सर आणि टायमिंग, तसेच व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवायची फट) यांचे दोष तर कार्ब्युरेटरच्या दोषांची हुबेहूब नक्कल करतात. व्हॅक्यूम गेज (इंजिनची हवेची ओढ मोजणारे मापक) असेल तर काम फार सोपे होते. समुद्रसपाटीजवळ, प्रकृतीने ठीक असलेले इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) साधारण १७ ते २१ इंच पारा इतका स्थिर व्हॅक्यूम देते, आणि उंचीवर दर ३०० मीटरमागे हा आकडा सुमारे एका इंचाने उतरतो. काटा ठरावीक तालात खाली झुकत असेल तर दोष बहुधा एखाद्या व्हॉल्व्हचा असतो. तो स्थिर राहूनही बराच खाली असेल तर मॅनिफोल्डपाशी (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीपाशी) कुठेतरी इंजिन हवा घेत असते किंवा टायमिंग मागे पडलेले असते.

शाफ्टची झीज न पाहताच किट मागवणे

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. थ्रॉटल शाफ्ट, म्हणजे कार्ब्युरेटरची झडप फिरवणारा दांडा, पोलादाचा असतो, आणि अनेक कार्ब्युरेटरांत तो झिंक किंवा ॲल्युमिनियमच्या मऊ मिश्रधातूत पाडलेल्या भोकातच थेट फिरतो. कच्च्या रस्त्याची बारीक धूळ त्या फटीत शिरली की तिथे पॉलिश पेपरसारखी घासण सुरू होते आणि गोल भोक हळूहळू लांबट होत जाते.

ही झीज ओळखण्यासाठी इंजिन गरम होऊन आयडलवर आले की शाफ्टचे बाहेर आलेले टोक दोन बोटांत धरावे आणि ते न फिरवता फक्त वर-खाली हलवून पाहावे. अगदी किंचित हालचाल चालते. परंतु हलवताच इंजिनचा आवाज बदलत असेल, तर शाफ्ट बॉडीत जिथे शिरतो तिथे जाड ऑइलचा एक थेंब सोडावा. भटकणारे आयडलिंग काही क्षण जागेवर आले आणि थेंब आत ओढला गेल्यावर पुन्हा भटकू लागले, तर निदान पक्के झाले असे समजावे. या तपासणीसाठी पुष्कळ जण क्लीनरचा फवारा मारतात, पण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ज्वालाग्राही फवारा मारण्यापेक्षा ऑइलचा थेंब मला शहाणपणाचा वाटतो.

थ्रॉटलच्या खालून शिरणाऱ्या या हवेमुळे मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, मग मालक मिक्श्चर स्क्रू सैल करतो, आयडलिंग वाढवतो आणि गाडी कशीबशी उभी राहते; दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळे पुन्हा बिघडलेले असते. किटमध्ये या झिजेवर काहीच नसते. भोके रीमरने मोठी करून त्यात ब्राँझचे बुश (अस्तराच्या छोट्या नळ्या) बसवावे लागतात, आणि दोन्ही बाजूंची भोके एका रेषेत राहिली नाहीत तर थ्रॉटल अडकण्याचा धोका असतो, त्यामुळे हे काम चांगल्या मशीन शॉपकडेच द्यावे. असे शॉप हाताशी असेल तर जुना कार्ब्युरेटर राखावा, नसेल तर तो बदलावा. इथे तडजोडीची तिसरी वाट नाही.

फ्लँज (भाग जोडण्याची सपाट कड) वाकले आहे का, हेही याच वेळी पाहावे. जाड काचेवर तो भाग ठेवून फटीत फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) घालून पाहिले की वाकण्याचे माप कळते. जुन्या सीरिज लँड रोव्हरवरील झेनिथ ३६ आयव्ही या कार्ब्युरेटरचा वरचा भाग वाकण्यासाठी प्रसिद्धच आहे. स्क्रू जोर लावून आवळणे, गळती थांबत नाही म्हणून दोन गॅस्केटे एकावर एक ठेवणे, ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. थोडा बाक काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासून काढता येतो. बाऊलमधल्या (पेट्रोल साठणाऱ्या कप्प्यातल्या) पांढऱ्या भुकटीनेही घाबरून जाऊ नये: इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा धरते आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ही भुकटी साचते. ती धुतल्यावर खालचा धातू गुळगुळीत निघाला तर ठीक. आतल्या वाटांपर्यंत खड्डे पडले असतील तर त्या बॉडीवर वेळ घालवू नये. एखाद्या स्क्रूचे आटे गेले एवढ्यावरून मात्र बॉडी बाद ठरत नाही.

खोलल्यावर होणाऱ्या चुका

किट गाडीच्या नावावरून मागवू नये. एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे कार्ब्युरेटर आलेले असतात, म्हणून बॉडीवर कोरलेला किंवा स्क्रूखालच्या पत्र्याच्या टॅगवरचा क्रमांक पाहावा.

जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) तार घालणे ही जुनी खोड आहे. वेबर कंपनीच्या जेटवर १४० लिहिलेले असते तेव्हा त्याच्या भोकाचा व्यास १.४० मिलिमीटर असतो. पोलादी तारेने पितळ दोन-चार शतांश मिलिमीटर खरवडले की तो जेट पुढच्या क्रमांकाचा झाला, आणि वर लिहिलेला आकडा खोटा ठरला. सॉल्व्हंट आणि दाबाची हवा यांवरच भागवावे, आणि सॉल्व्हंटमध्ये रबर किंवा डायफ्रॅम जाणार नाही याची काळजी घ्यावी. जीपच्या ४.२ लिटर सहा सिलिंडर इंजिनवरील कार्टर बीबीडी या कार्ब्युरेटरच्या आयडल ट्यूब इतक्या अरुंद असतात की कचऱ्याचा एक कण आयडलिंग बिघडवतो, आणि केवळ तेवढ्यावरून कित्येक चांगले बीबीडी भंगारात जातात.

फ्लोटकडे (बाऊलमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाकडे) तर कोणी नीट पाहतच नाही. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवावा, बुडबुडे आले तर तो फुटलेला आहे. फोमचा फ्लोट वर्षानुवर्षे पेट्रोल शोषून जड होतो, म्हणून तो वजन करून नव्याशी ताडून पाहावा. फ्लोटची उंची सपाट रस्त्यावरच्या गाडीत थोडी चुकली तरी खपून जाते, पण तीव्र उतारावर किंवा कडेला कललेल्या गाडीत तीच चूक पेट्रोल थेट घशात ओतते. मिक्श्चर स्क्रू काढण्यापूर्वी तो बंद होईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवावे. तो जोराने आवळल्यास त्याच्या टोकावर कायमची खाच पडते.

बदलताना होणाऱ्या चुका

मोठा कार्ब्युरेटर म्हणजे जास्त ताकद, हा समज ऑफ-रोड गाडीसाठी विशेष घातक आहे. साधा हिशेब करून पाहावा. ४.२ लिटरचे फोर-स्ट्रोक इंजिन ४००० आरपीएमवर मिनिटाला जास्तीत जास्त ८४०० लिटर हवा ओढेल. प्रत्यक्षात सिलिंडर ८० टक्के भरतात असे धरले तर ही हवा ६७२० लिटर, म्हणजे सुमारे २३७ घनफूट होते. त्यावर मिनिटाला ५०० घनफूट हवेचा फोर-बॅरल (चार घशांचा) कार्ब्युरेटर बसवला की दगडांवरून हळू चालताना घशातल्या हवेला वेग राहत नाही, पेट्रोल नीट फुटत नाही, आणि जिथे ताकद हवी तिथेच गाडी अडखळते.

दुसरी चूक इंधनाच्या दाबाची. लोकप्रिय वेबर ३२/३६ या कार्ब्युरेटरला सुमारे ३.५ पीएसआयपेक्षा जास्त दाब सोसत नाही, तर अनेक मूळ मेकॅनिकल पंप त्याहून जास्त दाब देतात. रेग्युलेटर न लावल्यास निडल व्हॉल्व्ह (बाऊलमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी सुई) उचलला जातो, कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो आणि दोष नव्या कोऱ्या मालाला लावला जातो. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमची नळी योग्य पोर्टवर जाते का, लिंकेज (पेडलपासून थ्रॉटलपर्यंतची जोडणी) थ्रॉटल पूर्ण उघडते आणि पूर्ण बंदही करते का, बॉनेटखाली एअर क्लीनरला जागा उरते का, हे खरेदीपूर्वीच मोजावे. स्वस्त नकली प्रत घ्यावीच लागली तर बसवण्यापूर्वी ती उघडून आतला धातूचा कीस धुवावा व फ्लोटची उंची तपासावी. जुना कार्ब्युरेटर मात्र फेकू नये: त्याचे जेट, लिव्हर आणि स्क्रू पुढे कधीतरी शोधूनही मिळत नाहीत.

दोन्हींपैकी काहीही केले तरी, ज्या गाडीत कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होत होता तिची डिपस्टिक काढून तिचा वास घ्यावा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल, तर पेट्रोल सिलिंडरवाटे खाली उतरून ऑइल पातळ झालेले असते, आणि अशा ऑइलवर इंजिन पळवले तर बेअरिंगे जातात. नवे ऑइल आणि फिल्टर घातल्यानंतरच गाडी ट्युनिंगसाठी सुरू करावी.