जर्मनीत मास्टर्ससाठी अर्ज करताय? या चुका टाळा

दर जुलैत एखाद्या ज्युनिअरचा रडवेला फोन येतो. सीजीपीए चांगला, आयईएलटीएसला 7, प्रोजेक्टही दाखवण्यासारखा, तरी अर्ज बाद. खोदून विचारलं की दुखणं कागदांत निघतं. मार्कांची काळजी सगळेच करतात. कागदांकडे शेवटच्या पंधरवड्यात बघतात.

नावाचा घोळ

आपल्याकडच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा आणि आईचं नाव गायब. तिकडे कागद तपासणाऱ्याला आपली ही पद्धत ठाऊक असेलच असं नाही. त्याला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव वाटतं आणि तुमच्या आईचं नाव तुमचं आडनाव होऊन बसतं. त्यात स्पेलिंग. नावात ‘ज्ञ’ असेल तर दहावीच्या सर्टिफिकेटवर तो ‘डीएन’ने सुरू होतो आणि पासपोर्टवर ‘जीवाय’ने. माझ्या स्वतःच्या कागदांवर वडिलांचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी होतं, आणि हे मला कळलं फॉर्म भरताना.

फॉर्ममध्ये नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर भरा. ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा अधिकृत तक्ता) आणि शिफारसपत्रं मागतानाच पासपोर्टची झेरॉक्स द्या. फरक उरलाच तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरी केलेलं इंग्रजी प्रतिज्ञापत्र जोडा. पासपोर्टच चुकीचा असेल तर दुरुस्ती सगळ्यात आधी.

मार्कशीटची मागची बाजू

मार्कशीटची मागची बाजू स्कॅन न करणं ही चूक क्षुल्लक वाटते, पण महागात पडते. जर्मनीत 1 म्हणजे सर्वोत्तम आणि 4 म्हणजे जेमतेम पास. आपले गुण तिकडच्या श्रेणीत बसवायला बहुतेक ठिकाणी ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पास होण्यापुरत्या गुणांतल्या फरकाने भागायचं, 3 ने गुणायचं, 1 मिळवायचा. 10 पैकी 8 सीजीपीए आणि पासची मर्यादा 4 धरली तर उत्तर येतं 2.0. तीच मर्यादा 5 धरली तर 2.2. जिथे 2.0 पर्यंतच घेतात, तिथे एवढ्यावर अर्ज उडतो.

आता ही पासची मर्यादा बऱ्याच मार्कशीटच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि आपण स्कॅन करतो फक्त पुढची बाजू. मागे काही छापलेलं नसेल तर परीक्षा विभागाकडून ग्रेडिंग पद्धतीचं पत्र घ्या. एटीकेटी लपवू नका. ट्रान्सक्रिप्टवरच्या तारखा बोलतातच.

सीजीपीए उत्तम असूनही नकार आला, तर बहुधा विषय जुळलेले नसतात. मेकॅनिकलवाल्याने डेटा सायन्सला अर्ज केला की ते गणित, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगचे क्रेडिट मोजतात. अभ्यासक्रमाच्या पानावर किती क्रेडिट हवेत ते दिलेलं असतं. आपला सिलॅबस शेजारी ठेवून आधी स्वतः मोजा.

15 जुलै ही खरी तारीख नव्हे

हिवाळी सेमिस्टरसाठी 15 जुलै ही तारीख सगळ्यांना पाठ असते. पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी अनेक कोर्सेसची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. शिवाय अर्ज युनि-असिस्टमार्फत, म्हणजे अनेक युनिव्हर्सिट्यांसाठी परदेशी कागद तपासणाऱ्या संस्थेमार्फत, जात असेल तर तपासणीलाच काही आठवडे लागतात. मुदतीच्या किमान 8 आठवडे आधी अर्ज पाठवा, असं तेच सांगतात. पहिल्या अर्जाला 75 युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला 30. हे पैसे पोचल्याशिवाय तपासणी सुरू होत नाही. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचा अर्ज तिच्याच पोर्टलवर भरायचा असतो, पण व्हीपीडी नावाचा, कागदांची प्राथमिक तपासणी झाल्याचा कागद युनि-असिस्टकडूनच आणावा लागतो. अनेकांना हे शेवटच्या आठवड्यात कळतं.

त्याआधी एपीएस, म्हणजे तुमचे शैक्षणिक कागद खरे असल्याचं प्रमाणपत्र. 1 नोव्हेंबर 2022पासून भारतीय विद्यार्थ्यांना स्टुडंट व्हिसासाठी हे प्रमाणपत्र लागतं, फी 18,000 रुपये, आणि कित्येक युनिव्हर्सिट्या ते अर्जासोबतच मागतात. म्हणजे क्रम असा: पासपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट, एपीएस, आणि मग युनिव्हर्सिट्यांची यादी. आपण नेमकं उलटं करतो. यादी करायला मजा येते, परीक्षा विभागाच्या खिडकीपुढे उभं राहायला येत नाही.

बाकी थोडक्यात

‘जर्मनीत फी नसते’ हे अर्धसत्य आहे. स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग ज्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात येतात, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही 2024च्या हिवाळ्यापासून फी लावली. वर ब्लॉक्ड अकाउंटचे (राहण्याखाण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) 11,904 युरो; युरो 100 रुपये धरला तर जवळपास 12 लाख. पैसे तुमचेच, महिन्याला 992 युरो परत मिळतात, पण व्हिसाच्या वेळी सगळे एकरकमी दाखवायचे असतात. कर्ज नुसतं मंजूर असून भागत नाही.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं सर म्हणतात. मग तिन्ही शिफारसपत्रांत एकच भाषा. निदान प्रत्येक सरांना वेगवेगळे मुद्दे द्या. लेटरहेड आणि कॉलेजचा ईमेल घ्या. एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र, ‘लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण’ने सुरू करू नका, तपासणाऱ्याने ते हजारदा वाचलंय.

फुकट सल्ला देणारा कन्सल्टंट फक्त खासगी युनिव्हर्सिट्याच सुचवत असेल तर कमिशन कुठून येतं ते विचारा. अर्जासाठी ईमेल आणि पासवर्ड मात्र स्वतःचाच ठेवा. मेल दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये पडून मुदत गेल्याची दोन उदाहरणं मी पाहिली आहेत.

व्हिसाची फाइल तर पहिल्याच फेरीत चोख हवी. नकारावर लेखी फेरविचार मागायची जुनी सोय 1 जुलै 2025पासून बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं, आणि वर्ग ऑक्टोबरात सुरू होतात.